आधी कोणाला दाखवली?

लघुपट महोत्सवात त्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पडद्यावर त्यांचंच घर होतं, त्यांचाच आवाज होता, आणि कारखान्यातल्या अपघातात गेलेल्या त्यांच्या नवऱ्याचा भिंतीवरचा फोटो होता. फिल्म चौदा मिनिटांची. त्या सत्रातली सहावी. तिच्या मागोमाग आणखी एक फिल्म लागली, मग दिवे लागले आणि साती दिग्दर्शकांना मंचावर बोलावण्यात आलं. प्रश्नोत्तरांना दहा मिनिटं होती. कॅमेरा कोणता वापरला, एवढ्या कमी उजेडात चित्रीकरण कसं जमलं, पुढचा प्रकल्प काय, असे प्रश्न आले. सगळं बोलणं अशा भाषेत चाललं होतं की बाईंना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. शेवटी निवेदकाचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. माईक त्यांच्या हातात देऊन त्याने विचारलं, ‘कसं वाटतंय?’ त्या उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘दाखवलंय ते सगळं खरं आहे. पण भरपाईचा अर्ज अजून तसाच पडून आहे. इथे कोणी तो बघेल का?’

तेवढ्यात एका स्वयंसेवकाने ‘वेळ संपली’चा फलक वर केला. पुढच्या सत्राचे प्रेक्षक दाराशी ताटकळत होते.

बाहेर आल्यावर मी बाईंना विचारलं, ही फिल्म तुम्ही आधी पाहिली होती का? त्या म्हणाल्या, नाही, आजच पाहिली. म्हणजे गेलेल्या नवऱ्याचा फोटो भिंतीएवढा झालेला त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो दोनशे परक्या माणसांमध्ये बसून. त्या महोत्सवाच्या निवड समितीत मी होते. ती फिल्म मीच आग्रहाने निवडली होती. तिच्याबद्दल चार चांगल्या ओळीही लिहून दिल्या होत्या. दिग्दर्शकाला हा एक प्रश्न विचारावा असं मात्र मला सुचलं नव्हतं.

तेव्हापासून ‘सामाजिक भान असलेला लघुपट महोत्सव’ हे शब्द कुठे दिसले की मी विषयांची यादी वाचत बसत नाही. ती यादी सगळीकडे सारखीच असते आणि तिच्याबद्दल कोणाचं दुमतही नसतं: स्थलांतर, हवामान, स्त्रियांवरचे अत्याचार, कामगार, अपंगत्व, लिंगभाव. हे विषय पडद्यावर यायलाच हवेत. पण विषय निवडला म्हणजे बांधिलकी सिद्ध झाली, ही समजूत मला आता मान्य नाही. महोत्सवाची बांधिलकी दिसते ती त्याच्या वेळापत्रकात आणि प्रवेशिकेच्या अर्जात. एका सत्रात किती फिल्म्स कोंबल्या, चर्चेला किती वेळ ठेवला, ती कोणाच्या भाषेत झाली, आणि ज्यांच्या आयुष्यावर फिल्म उभी आहे त्यांनी ती आधी पाहिली होती की नाही. माझं म्हणणं सरळ आहे. अशा महोत्सवांनी फिल्म्सची संख्या निम्म्यावर आणावी आणि वाचलेला वेळ माणसांना द्यावा.

हे लघुपटाच्या बाबतीतच का म्हणायचं, तर त्याची घडणच तशी आहे. ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीच्या नियमाप्रमाणे श्रेयनामावली धरून चाळीस मिनिटांपर्यंतची फिल्म लघुपटात मोडते. प्रत्यक्षात महोत्सवांत येणाऱ्या बहुतेक फिल्म्स वीस मिनिटांच्याही आतल्या असतात. दोन तासांच्या चित्रपटात प्रेक्षकाला स्थिरावायला वेळ मिळतो. तो माणसांच्या सहवासात राहतो, त्यांच्यावर चिडतो, पुन्हा त्यांच्या बाजूने होतो. लघुपटात माणसाचं नाव जेमतेम कळतं तोवर पडदा काळा होतो. खरं तर इथून पुढे प्रेक्षकाच्या मनात फिल्म चालू राहायची असते. पण आपण लगेच पुढची लावतो. दीड तासात सात फिल्म्स, सात दुःखं. तिसरी लागेपर्यंत पहिलीतला चेहरा पुसट झालेला असतो. बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला विचारलं तर तो सांगतो, ‘सगळ्याच छान होत्या, फार जड होतं पण.’ हा जडपणा कसल्याच कृतीपर्यंत पोहोचत नाही. चहाच्या रांगेत तो उतरतो.

याचा दुसरा परिणाम आणखी खोलवर जातो. निवडीसाठी आठवडाभर रोज दहा-बारा फिल्म्स पाहिल्या की त्यांच्यातलं साम्य डोळ्यांवर येऊ लागतं. सुरुवातीला पियानोचे तुटक स्वर. मुलाचा चेहरा अगदी जवळून, बराच वेळ, काही न बोलता. मध्ये एक रडण्याचा प्रसंग. शेवटी काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत आकडेवारी. दिग्दर्शकांना दुसरं काही सुचत नाही असं अजिबात नाही. सात फिल्म्सच्या गर्दीत बारा मिनिटांत लक्षात राहायचं असेल तर हा मार्ग खात्रीचा, हे त्यांनी आमच्याच निवडीवरून शिकून घेतलं आहे. यंदा जी फिल्म निवडली जाते तिच्या वळणावर पुढच्या वर्षीच्या पन्नास फिल्म्स तयार होतात. वेळापत्रक फक्त फिल्म्सचा क्रम लावतं असं आपण समजतो, पण पुढच्या वर्षी फिल्म्स कशा बनतील हेही तेच ठरवतं. त्यात हळू चालणाऱ्या फिल्मला जागा नसते. राग असलेल्या, विनोदी, किंवा ज्यात दुःखी माणूस दुःखी दिसत नाही अशा फिल्मलाही नसते. मुलांच्या त्या जवळून घेतलेल्या चेहऱ्यांचं मला विशेष वाटतं. ती मुलं मोठी होतील. आपल्या वाईट दिवसांतला आपला चेहरा कुठे कुठे दाखवला गेला हे त्यांना एक दिवस कळेल. त्यांना कोणी विचारलं होतं का?

वेगळ्या रीतीने हे करता येतं. साठ वर्षांपूर्वी ते झालेलंही आहे. कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ फोगो नावाचं बेट आहे. १९६७च्या सुमाराला तिथे विखुरलेल्या दहा वस्त्यांत मिळून पाचेक हजार माणसं राहत होती. जुन्या पद्धतीची किनाऱ्यालगतची मासेमारी ढासळली होती, बरीच कुटुंबं सरकारी मदतीवर जगत होती, आणि लोकांनी बेट सोडून दुसरीकडे वसावं असा सरकारचा रोख होता. वस्त्यांमध्ये धर्मपंथांवरून फाटाफूट होती, एकमेकांशी बोलणंही कमीच. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने त्याच वर्षी ‘चॅलेंज फॉर चेंज’ नावाचा कार्यक्रम सुरू केला होता. त्यातून दिग्दर्शक कॉलिन लो तिथे गेले. बेटाशी आधीपासून संबंध असलेला, न्यूफाउंडलंडच्याच मेमोरियल विद्यापीठाचा विस्तार विभाग बरोबर होता.

लो यांच्या मनात सुरुवातीला नेहमीसारखाच माहितीपट होता. पण एका प्रश्नावर वेगवेगळ्या माणसांची मतं कापून एकापुढे एक जोडली की ती माणसं एकमेकांविरुद्ध उभी केल्यासारखी दिसतात, हे त्यांच्या लक्षात आलं. लहान समाजात असं संकलन शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून तोडतं. म्हणून त्यांनी एका फिल्ममध्ये एकच माणूस किंवा एकच प्रसंग ठेवला. कोणी मच्छीमार आपली अडचण सांगतो आहे, कुठे लग्न आहे, कुठे बैठक भरली आहे. अशा सत्तावीस छोट्या फिल्म्स तयार झाल्या. तिथे लघुपटाचा आकार आला तो माणसाचं म्हणणं तोडायचं नाही या निर्णयातून. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. लांबी कमी ठेवण्यामागे एवढं चांगलं कारण मी दुसरं ऐकलेलं नाही.

चित्रीकरणाआधी माणसाची परवानगी घेतली जाई. झालेलं चित्रीकरण त्याला आधी दाखवलं जाई आणि नको असलेला भाग काढून टाकायचा हक्क त्याला असे. मग त्या फिल्म्स वस्त्यावस्त्यांत फिरल्या. कधीही एकत्र न बसणारे लोक एकमेकांना पडद्यावर ऐकू लागले, आणि आपली अडचण पलीकडच्या वस्तीचीही आहे हे त्यांना उमगलं. फिल्म संपल्यावर त्या खोलीत जे बोलणं होई ते मुख्य काम होतं, फिल्म त्याचं निमित्त. बेटावरच्या लोकांच्या संमतीने नंतर त्या सरकारला दाखवल्या गेल्या. मत्स्यव्यवसाय मंत्र्यांनी दिलेलं उत्तर चित्रित करून ते परत बेटावर दाखवलं गेलं. लोक बेटावरच राहिले, आणि त्यांनी उभी केलेली मासेमारीची सहकारी संस्था आजही चालू आहे. हे सगळं फिल्म्समुळेच झालं असं म्हणणं चुकीचं ठरेल. लोकांनी स्वतःची समिती आधीच उभारली होती आणि सहकाराचा विचारही त्यांचाच होता. फिल्म्सनी त्यांना एकमेकांचं ऐकायची जागा दिली. लघुपट महोत्सव नेमकी हीच जागा देऊ शकतो, आणि बहुतेकदा तीच तो देत नाही.

युरोपातल्या जुन्या महोत्सवांच्या मुळाशीही हीच कल्पना सापडते. जर्मनीतल्या ओबरहाउझेनचा लघुपट महोत्सव १९५४ साली सुरू झाला तो प्रौढ शिक्षण केंद्रातून. ते केंद्र चालवणारे हिल्मार होफमान हे त्याचे संस्थापक. युद्धाच्या जखमा ताज्या होत्या, शीतयुद्धाची भिंत मनात उभी राहत होती, आणि ‘शेजाऱ्याकडे जाणारी वाट’ हे त्या महोत्सवाचं ब्रीद होतं. पूर्व युरोपातल्या फिल्म्स तिथे दिसत. जिथे मोठी माणसं संध्याकाळी शिकायला येत त्या घरातून हा महोत्सव निघाला, म्हणून बोलणं त्याच्या रक्तातच होतं. १९६२मध्ये तिथेच २६ तरुणांनी नव्या जर्मन सिनेमाची मागणी करणारा जाहीरनामा वाचला, आणि आमच्या लघुपटांनी स्वतःला सिद्ध केलं आहे हा त्यांचा मुद्दा होता. १९६८मध्ये सरकारी वकिलाच्या धाकाने त्याच महोत्सवाने एक जर्मन लघुपट वगळला, तेव्हा इतर दिग्दर्शकांनी आपल्या फिल्म्स मागे घेतल्या. आपल्याकडे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट-लघुपट महोत्सवात भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्याचा प्रयत्न झाला. विरोधानंतर अट मागे घेतली गेली, पण अनेक फिल्म्स निवडीतच बाद झाल्या. तेव्हा २००४मध्ये दिग्दर्शकांनी ‘विकल्प’ या नावाने शेजारीच समांतर महोत्सव भरवला. सत्तेपुढे महोत्सव वाकला तर त्याचे सोबती निघून जातात, हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे आणि तो बरोबरच आहे. पण पडद्यावरच्या माणसाशी महोत्सव कसा वागला यावरून कोणी फिल्म मागे घेतल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

फिल्म्स निम्म्या करा म्हटलं की पहिला आक्षेप नव्या दिग्दर्शकांच्या बाजूने येतो, आणि तो खोटा नाही. लघुपटाला दुसरं घर नाही. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी छोटी फिल्म दाखवायची पद्धत मागे पडली तेव्हाच त्याचं हक्काचं छप्पर गेलं. फ्रान्समध्ये १९५३ साली सरकारी निर्णयाने ते छप्पर धोक्यात आलं तेव्हा तिथल्या लघुपट दिग्दर्शकांना एकत्र येऊन निषेध करावा लागला होता. इंटरनेटवर फिल्म टाकता येते, पण तिथे ती पाहणारा माणूस एकटा असतो आणि त्याचा अंगठा पुढच्या फिल्मकडे सरकायला तयार असतो. म्हणून महोत्सवात जागा मिळणं हे नव्या मुलीसाठी, नव्या मुलासाठी मोठं असतं हे मी जाणते. पण सातांत सहावी म्हणून लागून, दहा मिनिटांत सात जणांनी वाटून घेतलेला माईक, हिला संधी म्हणायचं का? त्यापेक्षा पुढच्या वर्षी तीनांतली एक म्हणून यावं, आपली फिल्म लोकांनी खरोखर पाहिली आहे हे त्यांच्या तोंडून ऐकावं, चुकलेलंही ऐकावं, त्यातून दिग्दर्शक घडतो. महोत्सवात निवड झाली की पोस्टरवर चिकटवायला पानांची महिरप मिळते, पण तिच्यामुळे फिल्म करायला शिकता येत नाही. आणि ज्यांना फक्त संख्याच मिरवायची आहे त्यांनी बांधिलकीचं नाव घेऊ नये.

दुसरा आक्षेप रसिकांचा असतो: चर्चाच हवी असेल तर सभा भरवा, फिल्म कशाला? यातलं अर्धं मी मान्य करते. वाईट चर्चा चांगल्या फिल्मला मारते. दिवे लागता क्षणी कोणीतरी उठून स्वतःचं भाषण सुरू करतो आणि पडद्यावर नुकतंच जे हळुवारपणे घडलं होतं ते विस्कटून जातं. म्हणून फिल्म संपल्यावर दिवे मंदच ठेवावेत, पाच मिनिटं कोणी काही बोलू नये. त्यानंतर बोलणं सुरू करणारा माणूस दिग्दर्शक नसावा, त्या विषयात जगणारा असावा. तंत्राचे प्रश्न वेगळ्या सत्रात घ्यावेत, ते महत्त्वाचे आहेतच. अर्जेंटिनात १९६८च्या सुमाराला लष्करी राजवटीच्या नजरेआड एक लांबलचक माहितीपट दाखवला जाई, आणि तो करणाऱ्यांनी मध्येच प्रोजेक्टर थांबवून बोलण्यासाठी जागा राखून ठेवल्या होत्या. त्यांच्या लेखी बोलणं हा फिल्मचाच भाग होता. तिथे तर पाहायला येणाराही धोका पत्करून येत होता. आपल्याला फक्त वेळापत्रक मोकळं करायचं आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप तिसरा, आणि त्यावर मी बरेच दिवस घोळत होते. ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांना आधी दाखवायची आणि त्यांच्या सांगण्यावरून काढून टाकायचं, तर उद्या भ्रष्ट अधिकारीही म्हणेल, माझा भाग काढा. मालक म्हणेल, माझ्या कारखान्याचं नाव काढा. मग शोध घेणाऱ्या फिल्मचं काय उरणार? हा प्रश्न टाळून चालणार नाही. मला यातून सापडलेली वाट अशी आहे की हा हक्क सत्तेच्या उतरंडीप्रमाणे ठरावा. ज्याच्या हातात दुसऱ्यांच्या आयुष्याचे निर्णय आहेत त्याला आपलं उत्तर देण्याची संधी द्यावी, कात्री देऊ नये. ज्याने विश्वास ठेवून घराचं दार उघडलं, दुःखात बोलायला तयार झाला, ज्याच्याकडे वकील नाही आणि वर्तमानपत्रात ओळख नाही, त्याला आधी दाखवायलाच हवं. दोघांच्या मध्ये अवघड जागा आहेत. घरातल्या छळाबद्दल बोलणारी मुलगी आणि तिचे आईबाप दोघेही गरीब असू शकतात. तिथे मुलीचं ऐकायचं, असं माझं मत. पण हे दर वेळी बसून ठरवावं लागेल, आणि त्यासाठी निवड समितीकडे वेळ हवा. तो फिल्म्स कमी केल्याशिवाय येत नाही. म्हणजे बोलणं पुन्हा तिथेच येऊन थांबतं.

पैशाचं थोडक्यात. गोरखपूरला २००६मध्ये सुरू झालेल्या ‘प्रतिरोध का सिनेमा’च्या महोत्सवांनी कंपन्यांचं आणि सरकारचं प्रायोजकत्व न घेता प्रेक्षकांच्या वर्गणीवर काम चालवलं. ते सगळ्यांना जमेलच असं नाही, आणि प्रायोजक घेतला म्हणजे महोत्सव विकला गेला असंही मी मानत नाही. पण जमलेला पैसा कुठे जातो ते पाहावं. मंचावरच्या फुलांना, पाहुण्यांच्या राहण्याला, चांदीच्या चकत्यांना जो खर्च होतो त्यातून आधी दोन गोष्टी व्हाव्यात: फिल्ममधल्या माणसांचा येण्याजाण्याचा खर्च व बुडालेल्या दिवसाची मजुरी, आणि दुभाष्याचं मानधन. दिग्दर्शकाकडून प्रवेश शुल्क घ्यायचं आणि फिल्म दाखवल्याचं त्याला काहीच द्यायचं नाही, हा रिवाजही बंद व्हायला हवा. बक्षिसांबद्दल मला फारसं बोलायचं नाही. ती असली तरी चालतील, नसली तरी काही बिघडत नाही.

महोत्सव संपल्यानंतरचे तीनशे साठ दिवस मात्र मोजायला हवेत. वार्षिक असण्याची हीच तर सोय आहे: पुढच्या वर्षी तेच लोक पुन्हा भेटणार असतात. मग गेल्या वर्षी चर्चेत जे ठरलं त्याचं काय झालं, हे पहिल्या दिवशी पहिल्या सत्रात सांगायला काय हरकत आहे? कोणाचा अर्ज पुढे सरकला, कोणाचा नाही. गेल्या वर्षीची एक फिल्म पुन्हा लावावी आणि तिच्यातल्या माणसाला आज काय म्हणायचं आहे ते ऐकावं. त्या बाईंचा अर्ज पुढे नेण्यासाठी आमच्यातल्या दोघीजणी नंतर तीन वेळा कार्यालयात जाऊन आल्या. अर्जाला एक कागद कमी होता, तो जोडला. निकाल अजून लागलेला नाही.

यंदाच्या प्रवेशिकेत आम्ही एक रकाना वाढवला आहे: ‘फिल्म ज्यांच्याबद्दल आहे त्यांनी ती पाहिली आहे का? त्यांचं म्हणणं काय होतं?’ पुष्कळांनी तो रिकामा सोडला. काहींनी ‘लागू नाही’ लिहिलं. काहींनी फोन करून विचारलं की याने निवडीत फरक पडतो का, आणि आम्ही हो म्हटलं. एका मुलीने लिहिलं आहे, ‘दाखवली. आजींनी रडण्याचा प्रसंग काढायला सांगितला, म्हणाल्या मी रोज रडत नाही. काढला. आता फिल्म नऊ मिनिटांची आहे.’ ती आम्ही पहिल्या दिवशी दुपारी लावली आहे, तिच्याबरोबर फक्त आणखी दोन. त्यानंतर तास-दीड तास मोकळा ठेवला आहे. आजी येणार आहेत, त्यांच्यासोबत वस्तीतली चार माणसंही. कोणाला काय बोलायचं ते त्यांचं ते ठरवतील. दुभाषी आम्ही आत्ताच ठरवून ठेवला आहे, आणि त्याची खुर्ची पहिल्या रांगेत, आजींच्या शेजारी आहे.